अस्सल, नक्कल आणि एक कॅसेट : खानदेशातील एका घरगुती चित्रसंग्रहाचे स्थलांतर

१/ जळगावातील एका निवृत्त शिक्षकाच्या घरी, शोकेसच्या खालच्या कप्प्यात, चाळीस वर्षांचा इतिहास एकावर एक रचून ठेवला आहे. तळाशी व्हीएचएस कॅसेटींची रिकामी खोकी, त्यावर व्हीसीडींचे कापडी पाउच, त्यावर डीव्हीडींचे प्लास्टिकचे डबे. ‘श्यामची आई’, ‘साधी माणसं’, ‘पिंजरा’, ‘सामना’, ‘श्वास’ आणि या सर्वांच्या मध्ये, पांढऱ्या कागदी पाकिटात, ‘अक्काचे लग्न, भाग १ व २’. घरात या शिक्षकांना नाना म्हणतात. येथेही तेच नाव वापरले आहे.

२/ २०२४ च्या दिवाळीत पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, “मामा, हे सगळं आता ब्लू-रेवर घेऊन टाकू. एकदाच काय ते काम करू, पुन्हा बघायला नको.” नानांनी होकार दिला. काम चार दिवसांचे वाटले होते, ते तीन महिने चालले. या थ्रेडमध्ये त्या तीन महिन्यांची हकिकत आहे. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी ती वाचावी, कारण दप्तरखान्यात जो प्रश्न संशोधकाला पडतो, तोच प्रश्न या शोकेससमोर उभा राहिला : आपल्या हातात आहे ते अस्सल की नक्कल?

३/ प्रथम पार्श्वभूमी. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस बाजारात आणले. त्याआधी वर्षभर, १९७५ साली, सोनीचे बीटामॅक्स आले होते. दोन्ही पद्धतींत अर्धा इंच रुंदीची चुंबकीय फीत असे. पण एकाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात चालत नसे. या स्पर्धेत व्हीएचएस टिकले. भारतात १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच सुमारास परदेशातून येणाऱ्या व्हीसीआरचा ओघ वाढला.

४/ विकत घेणे परवडत नसे, म्हणून व्हीसीआर भाड्याने येई. एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, रात्रभरासाठी. गल्लीतील मंडळी वर्गणी काढून अंगणात सतरंज्या अंथरत आणि पहाटेपर्यंत तीन चित्रपट संपवत. या कॅसेटींतील पुष्कळ चोरीच्या असत. हा प्रकार इतका फोफावला की १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ चित्रफितींचा स्पष्ट उल्लेख करावा लागला आणि शिक्षा वाढवाव्या लागल्या. नानांच्या संग्रहाचा पहिला थर या काळातला.

५/ याच काळात लग्नात ‘शूटिंग’ शिरले. १९८९ च्या वैशाखात पारोळा तालुक्यातील एका गावी नानांच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, लग्न झाले. खांद्यावर जड कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला आणि त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा धरून धावणारा एक पोरगा, हे दृश्य त्या वयाच्या प्रत्येक खानदेशी माणसाला आठवेल. मागाहून गाणी घालून, नावे टाकून कॅसेट सजवून देण्याचे पैसे वेगळे होते. ते परवडणारे नव्हते. त्यामुळे कॅमेऱ्यात जे उतरले तेच, जसेच्या तसे, तीन तासांच्या कॅसेटमध्ये घरी आले. या काटकसरीचे मोल पुढे कळले.

६/ त्या कॅसेटमध्ये हळदीची रात्र होती. मांडवात बायकांचा घोळका बसलेला आणि मध्यभागी नानांची आई, सर्वांची माय, गाण्याला सुरुवात करून देत असलेली. एक ओळ माय म्हणे, तीच ओळ बाकीच्या उचलून धरत. गाणी अहिराणीतली. ती कुठे लिहिलेली नव्हती. मायला लिहिता येत नव्हते आणि ज्यांना येत होते त्यांना ती लिहावीत असे कधी वाटले नाही. दरवर्षी कानबाई बसते, दरवर्षी कोणाची तरी हळद असते; गाणी कुठे जाणार आहेत, असाच सर्वांचा समज.

७/ येथे अहिराणीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भिल्ल भाषांच्या सोबतीने खानदेशीची नोंद आणि नमुने आहेत. पुढे जनगणनेतही खानदेशी ही स्वतंत्र नोंद राहिली. २००१ च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ मध्ये हा आकडा सुमारे १८ लाख ६० हजारांवर आला. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि ही भाषा आपली म्हणून नोंदवणारे मात्र कमी झाले. बोलली जाते तोवर भाषा जिवंत असते. पण तिच्यातले हळदीचे गाणे बोलण्यात येत नाही. ते गाणाऱ्याच्या तोंडीच राहते आणि त्याच्याबरोबर जाते.

८/ माय १९९६ साली गेली. तोवर घरातला जुना व्हीसीआर बंद पडला होता. कॅसेट कपाटात राहिली.

९/ संग्रहाचा दुसरा थर व्हीसीडीचा. व्हिडिओ सीडीचे प्रमाणक १९९३ साली ठरले. अमेरिका-युरोपातील घरांत ही तबकडी फारशी रुजली नाही. चीन, आग्नेय आशिया आणि भारत येथे मात्र तिने राज्य केले. साध्या सीडीवर ७४ मिनिटांचे चित्र मावत असे. म्हणून आपल्याकडे एक चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत येई आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगी कोणीतरी उठून तबकडी बदलत असे. चित्राची सूक्ष्मता ३५२ गुणिले २८८ बिंदू, म्हणजे एका चौकटीत जेमतेम एक लाख बिंदू. पण कॅसेटसारखी फीत गुंतत नाही, रीळ मागे फिरवावे लागत नाही आणि किंमत कमी. एवढे पुरेसे होते.

१०/ खानदेशाच्या दृष्टीने व्हीसीडीचे महत्त्व आणखी वेगळे आहे. धुळ्याहून मुंबईच्या वाटेवर पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या मालेगावात, २००० च्या सुमारास, नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या तरुणाने ‘मालेगाव के शोले’ काढला. साधा व्हिडिओ कॅमेरा, गावातलेच नट, हाताशी असेल ते साहित्य. मालेगावच्या या चित्रसृष्टीवर फैझा अहमद खान यांनी २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि जगाला तिची ओळख झाली. त्याच वर्षांत अहिराणी गाण्यांच्या आणि खानदेशी विनोदी प्रसंगांच्या व्हीसीडी बसस्थानकांबाहेरच्या टपऱ्यांवर टांगलेल्या दिसत. मुंबईच्या परवानगीवाचून खानदेशाने स्वतःचे चित्र स्वतः काढले आणि विकले, ते या स्वस्त तबकडीवर.

११/ २००३ साली नानांनी अक्काच्या लग्नाची कॅसेट एका स्टुडिओत दिली आणि तिच्या दोन व्हीसीडी करून घेतल्या. त्या वेळी ही मोठीच सुधारणा वाटली आणि आनंदाचा प्रसंग म्हणून पेढेही वाटले गेले. तीन तासांचे चित्रण दोन तबकड्यांत बसवायचे म्हणून कात्री चालली. पंगती गेल्या, वऱ्हाडाची वाट पाहत पारावर बसलेली माणसे गेली. आवाजात खरखर होती, म्हणून मूळ आवाज काढून त्या जागी त्या वर्षी गाजत असलेली चित्रपटगीते घातली गेली. कोणाचा वाईट हेतू नव्हता. गिऱ्हाइकाला हेच आवडते, असा तो काळ होता आणि नानांनाही ते आवडले. माय पडद्यावर चालताना-बोलताना दिसली, हेच सर्वांना पुष्कळ वाटले.

१२/ अक्का तेवढे म्हणाली, “तुझ्याकडे सीडी झाली ना? मग ती कॅसेट मला दे.” ती कॅसेट तिने धुळ्याला नेली. जळगावच्या घरातला बंद व्हीसीआर त्याच वर्षी भंगारवाल्याला दिला गेला.

१३/ तिसरा थर डीव्हीडीचा. ही तबकडी १९९६ साली प्रथम जपानात आली. आपल्याकडे घरोघर पोचायला आणखी दहा वर्षे लागली. एका थरात ४.७ गिगाबाइट, चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे, म्हणजे व्हीसीडीच्या चौपट. २००७ साली मोझर बेअर या भारतीय कंपनीने चित्रपटांची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली आणि चोरीच्या तबकड्यांशी किमतीतच स्पर्धा मांडली. नानांच्या संग्रहातील निम्म्या डीव्हीडी त्या लाटेतल्या. हीच कंपनी २०१८ साली अवसायनात गेली. तबकड्या कपाटात राहिल्या. त्या काढणारा राहिला नाही.

१४/ या काळात नानांनी लग्नाच्या व्हीसीडीचीही डीव्हीडी करून घेतली. येथे एक तांत्रिक गोष्ट नीट समजून घ्यावी. व्हीएचएसच्या फितीवर आपल्याकडच्या पद्धतीने सेकंदाला ५० अर्धचित्रे नोंदलेली असतात : एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम. व्हीसीडी करताना त्यांतले एक अर्धचित्र सहसा टाकून दिले जाते. हालचालीतला ओघ आणि उभ्या दिशेचा निम्मा तपशील तेथेच संपतो. पुढे त्या व्हीसीडीची डीव्हीडी केली, तरी टाकून दिलेले अर्धचित्र परत येत नाही. मोठ्या भांड्यात ओतल्याने दूध वाढत नाही, तसेच हे. नानांच्या हाती होती ती नकलेची नक्कल.

१५/ आता चौथा थर. २००६ साली ब्लू-रे बाजारात आली. निळसर-जांभळ्या लेझरची लहर आखूड असल्यामुळे खुणा अधिक बारीक आणि दाट कोरता येतात. म्हणून त्याच आकाराच्या तबकडीवर एका थरात २५ आणि दोन थरांत ५० गिगाबाइट मावतात. चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदू, व्हीसीडीच्या वीसपट. तिची प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडी होती. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली आणि व्हीएचएस-बीटामॅक्सचा जुना सामना नव्या पिढीत निकालात निघाला.

१६/ चित्रपटांची नवी आवृत्ती घेतली की ती खरोखरच चांगली दिसते. याचे कारण तबकडीत नाही, मुळात आहे. ३५ मिमी निगेटिव्हमध्ये डीव्हीडीला पेलणार नाही इतका तपशील असतो. प्रत्येक नव्या स्वरूपासाठी जाणकार पुन्हा त्या मुळाकडे जातात. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील प्रयोगशाळेच्या आगीत होरपळली होती. तरीही २०१५ च्या पुनरुज्जीवनासाठी त्या जळक्या फिती पुन्हा जोडल्या गेल्या, शक्य तेवढ्या वापरल्या गेल्या आणि उरलेल्या ठिकाणीच दुसऱ्या प्रतींचा आधार घेतला गेला.

१७/ मूळ हरवले की काय होते, याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. १९१७ साली फाळक्यांनी तो पुन्हा चित्रित केला. आज पुण्याच्या संग्रहालयात त्याचा जो अपुरा भाग उरला आहे, तो १९१३ चा नसून १९१७ चा असावा, असे काही अभ्यासक मानतात. भारतीय चित्रपटाचा आरंभ म्हणून आपण जे पाहतो, त्यालाच हा प्रश्न विचारावा लागतो : अस्सल की नक्कल?

१८/ पुन्हा जळगावकडे. भाच्याने संगणकावर लग्नाची डीव्हीडी लावली आणि चित्र मोठ्या टीव्हीवर आणले. चेहऱ्यांच्या जागी चौकोन दिसू लागले. हळदीचा प्रसंग आला. माय मान हलवत, टाळी धरत गात होती. बाकीच्या बायका ओळ उचलत होत्या. आणि ऐकू येत होते एक चित्रपटगीत. भाच्याने विचारले, “मामा, आजी काय गातेय?” एकवीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. नानांनी पडद्याकडे पाहिले, मायच्या ओठांकडे पाहिले आणि त्यांना एकही ओळ आठवली नाही.

१९/ भाच्याने आजीचा आवाज कधी ऐकला नव्हता. तो जन्मला ती गेल्यानंतर. नाना त्या रात्री उशिरापर्यंत जागे होते. सकाळी त्यांनी धुळ्याला फोन लावला. अक्का म्हणाली, “कॅसेट? ती शे ना. पेटीत शे.” एरंडोल-पारोळामार्गे धुळे नव्वदेक किलोमीटर. मामा-भाचे त्याच आठवड्यात एसटीने निघाले.

२०/ धुळ्याला पोचल्यावर नानांनी भाच्याला आधी राजवाडे संशोधन मंडळ दाखवले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि १९२७ साली त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. जुनी दप्तरे रद्दीत आणि वाळवीच्या तोंडी जात असताना राजवाड्यांनी गावोगाव हिंडून ती मिळवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे खंडांची संख्या २२ झाली. त्यांचा आग्रह एकच होता : घटनेनंतर रचलेल्या बखरीपेक्षा त्या काळी लिहिलेले अस्सल पत्र श्रेष्ठ. बखर गोड असते, रंगवलेली असते. पत्र तुटके, डाग पडलेले असते. तरीही साक्ष पत्राची.

२१/ याच शहरात समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी हस्तलिखिते जमवून समर्थ वाग्देवता मंदिर उभे केले. दासबोधाची आवृत्ती सिद्ध करताना त्यांनी कल्याणस्वामींच्या हस्ताक्षरातील डोमगावची प्रत आधाराला घेतली. म्हणजे नक्कल वाईट असते असे नव्हे. कोणी केली, कशावरून केली आणि काय गाळले, हे ठाऊक असलेली प्रत विश्वासाची असते. स्टुडिओत केलेली व्हीसीडी ही बखर होती. पत्र अक्काच्या पेटीत होते.

२२/ पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, शालूच्या घडीखाली कॅसेट सापडली. तिच्या खिडकीतून पाहिल्यावर फितीच्या कडेला पांढरट भुकटी दिसली. ही बुरशी. अशी कॅसेट तशीच यंत्रात घालणे घातक असते : फीत तुटू शकते, बुरशी यंत्राच्या हेडवर बसते, तिचे कण श्वासावाटे अंगात जातात. शिवाय चालू व्हीसीआर मिळणेच दुरापास्त. नवे व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची मोठी कंपनी २०१६ साली थांबली. युनेस्कोच्या सहभागाने २०१९ साली दिलेल्या इशाऱ्यात चुंबकीय फितींसाठी २०२५ हे साल हद्द म्हणून सांगितले होते. त्यानंतर यंत्रे, सुटे भाग आणि जाणकार हात तिन्ही दुर्मीळ होत जातील, असा त्याचा आशय.

२३/ जाणकार हात धुळ्यातच भेटला. टीव्ही दुरुस्तीचे दुकान कधीच बंद केलेल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे चालू व्हीसीआर होता. त्याने कॅसेट काही दिवस कोरड्या जागी ठेवायला सांगितली. मग तोंडाला फडके बांधून तिचे पाच स्क्रू काढले, हाताने रीळ फिरवत अडीचशे मीटर फीत मऊ कापडाने पुसून घेतली आणि ती दुसऱ्या, कोऱ्या कॅसेटच्या कवचात बसवली. अख्खा दिवस गेला. पैसे किती, असे विचारल्यावर तो म्हणाला, “आधी चालू तं द्या.”

२४/ फीत जितक्या वेळेची असते तितकाच वेळ तिची प्रत घ्यायला लागतो. तेथे घाई चालत नाही. व्हीसीआरची तार संगणकाला जोडून भाच्याने सर्व चित्रण, काहीही न गाळता, न सुधारता, उतरवून घेतले. सुरुवातीला पडद्यावर आडव्या रेघा आल्या. मेकॅनिकने ट्रॅकिंगचे बटण हळूहळू फिरवले. वऱ्हाडाची वाट पाहणारी माणसे पारावर परत आली. पंगती परत आल्या. दीड तासानंतर हळद आली.

२५/ आधी हॅलोजनच्या दिव्याभोवती घोंघावणारे किडे ऐकू आले, मग कोणाचे तरी रडणारे मूल आणि मग मायचा आवाज. किंचित बसका, वरच्या सुरात चिरकणारा, ओळ संपताना खाली उतरणारा. अक्का खुर्चीतून उठून टीव्हीजवळ गेली. “मायना आवाज शे हाऊ,” एवढेच ती म्हणाली आणि पुढची ओळ तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडली. पस्तीस वर्षांत तिने ती म्हटली नव्हती. नाना मात्र गप्पच होते. २००३ साली स्टुडिओवाल्याला “आवाज तेवढा नीट करा” असे सांगणारे ते स्वतःच होते.

२६/ हळदीचे गाणे एकूण अकरा मिनिटांचे निघाले. त्यातली दोन मिनिटे बुरशीने खाल्ली. तेथे फक्त खरखर आहे. भाच्याने पुन्हा पुन्हा ऐकून शब्द लिहून काढले. काही शब्द त्याला कळले नाहीत, काही अक्कालाही नाहीत. चित्रात दिसणाऱ्या बायकांपैकी दोघी आज हयात आहेत. त्यांतल्या एकीने फोनवरून तीन ओळी भरून दिल्या. उरलेल्या जागा त्याने वहीत रिकाम्या ठेवल्या आणि समोर मिनिट-सेकंद लिहिले. फाटक्या कागदाची नक्कल करताना संशोधक वाचता न आलेल्या जागा अशाच सोडतो, अंदाजाने भरत नाही.

२७/ मग ब्लू-रेचे काय? केली. सुमारे तीन तासांचे चित्रण फारसे न दाबता ठेवायचे तर तासाला १३ गिगाबाइटच्या हिशेबाने ३९ गिगाबाइट लागतात. त्यासाठी ५० गिगाबाइटची तबकडी वापरली. पण “एकदाच काय ते काम” हा भाच्याचा मूळ विचार टिकला नाही. जानेवारी २०२५ मध्ये, ऐन काम चालू असताना, सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारीपासून बंद करत असल्याचे जाहीर केले. ज्या स्वरूपात संग्रह अद्ययावत करायचा होता, तेच जुने होऊ लागले होते. म्हणून एक प्रत तबकडीवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक धुळ्यात अक्काकडे, अशी तीन ठिकाणी व्यवस्था झाली. दहा वर्षांनी पुन्हा स्थलांतर करावे लागेल, हे गृहीत धरूनच.

२८/ शोकेसमधल्या चित्रपटांचे फारसे अडले नाही. मराठी चित्रपट ब्लू-रेवर फार थोडे आले; जे आले नाहीत त्यांच्या डीव्हीडी तशाच राहिल्या. ते चित्रपट सांभाळणाऱ्या संस्था आहेत, निर्माते आहेत, पुण्यात १९६४ पासूनचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. पण पारोळा तालुक्यातल्या एका हळदीची दुसरी प्रत जगात कोठेही नव्हती. बसस्थानकाबाहेरच्या टपरीवरच्या अहिराणी व्हीसीडींचेही बहुतेक तेच. काही गाणी कोणीतरी यूट्यूबवर चढवली म्हणून वाचली. बाकीची कोणाच्या तरी पाउचमध्ये ओरखडे सोसत असतील.

२९/ म्हणून हा थ्रेड वाचणाऱ्या तरुण मित्रांना विनंती. घरातली जुनी कॅसेट सापडली तर ती लगेच यंत्रात घालू नका. आधी खिडकीतून बुरशी पाहा. तुमच्याकडे सीडी असेल तर ती कशावरून केली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. नवी प्रत नेहमी सर्वांत जुन्या प्रतीवरून करा. खरखर काढू नका. तिच्याखाली कोण बोलत आहे, हे आज ठाऊक नसते. चित्रातील माणसांची नावे, गाव, तिथी लिहून ठेवा आणि ज्यांना ओळखता येते ती माणसे असेपर्यंत ते करा. नक्कल झाली म्हणून अस्सल टाकू नका.

३०/ परतण्याआधी मेकॅनिकने कॅसेट भाच्याच्या हाती दिली आणि तिच्या कडेची प्लास्टिकची लहान चकती दाखवली. ती मोडली की त्या फितीवर पुन्हा काही नोंदवता येत नाही, पुसताही येत नाही. जुन्या कवचावरची चकतीही १९८९ पासून शाबूत होती; एवढ्या वर्षांत कोणाच्या हातून चुकून एखादी मालिका त्यावर रेकॉर्ड झाली असती तरी कळले नसते. नानांनी स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला आणि ती चकती स्वतः मोडली. मग अक्काने कॅसेट पुन्हा शालूत गुंडाळली. या वेळी डांबराच्या गोळ्या बाजूला काढून. भाच्याने नव्या तबकडीवर शाईने लिहिले : ‘नक्कल. अस्सल धुळे येथे.’

थ्रेड समाप्त.